चाळकेवाडीच्या वाऱ्यात ठरलेली चाकं

साताऱ्याहून बोरणे घाट चढून ठोसेघरच्या पुढे गेलं की चाळकेवाडीचं पठार लागतं. वर झाड नाही, आडोसा नाही, नजर जाईल तिथपर्यंत पवनचक्क्या. पश्चिमेकडून, कोयनेच्या बाजूने चढून आलेला वारा रस्त्याला आडवा येतो. त्या रस्त्यावर मी बारा वर्षं सायकल चालवते आहे. मागच्या वर्षी मे महिन्याच्या शेवटी तिथे मी पहिल्यांदा घाबरले.

त्या दिवशी सायकलला माझी चाकं नव्हती. पुण्याच्या एका मित्राने त्याची 60 मिलिमीटर खोल रिमची (म्हणजे टायरपासून चाकाच्या मध्याकडे तेवढी उंच कड असलेली) कार्बनची जोडी पंधरा दिवसांसाठी दिली होती. "ताई, आधी चालवून बघा, मग पैसे घाला," असं तो म्हणाला. सातारा ते बोरणे घाटाच्या पायथ्यापर्यंत चाकं सुरेख चालली. घाटातही काही जाणवलं नाही. पठारावर आल्यावर दोन पवनचक्क्यांच्या मधल्या मोकळ्या पट्ट्यात एक झोत आला आणि पुढचं चाक डावीकडे वळलं. मी वळवलं नव्हतं. समोरून ठोसेघरकडे जाणारी एसटी येत होती. मी हँडल आवळून धरलं, झोत ओसरला, आणि आवळलेल्या हातांमुळे सायकल आता उजवीकडे, एसटीच्या बाजूला गेली. दीड मीटर तरी गेली असेल. चालकाने गाडी कडेला घेतली म्हणून निभावलं. पुढचा अर्धा किलोमीटर मी सायकल हातात धरून चालले.

माझं वजन 52 किलो आहे. हा आकडा सुरुवातीलाच सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. महागड्या चाकांबद्दल जे काही वाचायला मिळतं ते बहुतेक 75 किलोच्या, ताशी 40 ने जाणाऱ्या पुरुषासाठी लिहिलेलं असतं. मी ते वर्षभर वाचलं आणि शेवटी माझं गणित मलाच मांडावं लागलं. तुम्ही हलक्या असाल, घाटांच्या गावात राहत असाल आणि एकाच जोडीवर शर्यत, सराव आणि दोनशे किलोमीटरची ब्रेव्हे (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब सफर) हे सगळं करणार असाल, तर त्यातलं काही तुमच्या उपयोगी पडेल.

मी अकरावी-बारावीला पदार्थविज्ञान शिकवते. साताऱ्यातून वर्षाला चार-पाच शर्यती करते, त्यात एखादी घाटाची, एखादी सपाटीवरची टाइम ट्रायल, म्हणजे एकटीने घड्याळाविरुद्ध. सायकल 2019 ची आहे: कार्बन फ्रेम, डिस्क ब्रेक, मागे गिअरच्या 11 चकत्या, आणि टायर जास्तीत जास्त 30 मिलिमीटर रुंद बसतो. सायकलीबरोबर आलेली अॅल्युमिनियमची चाकं आमच्या मेकॅनिक काकांच्या काट्यावर 1900 ग्रॅमच्या थोडी वर भरली होती. चार वर्षं भिशीचे आणि पेपर तपासणीचे पैसे बाजूला टाकले होते. चाकं घ्यायची हे पक्कं होतं, कुठली घ्यायची हे नव्हतं.

पहिला मोह वजनाचा होता. घाटात राहणाऱ्याला तो होतोच. आमच्याकडे "फिरणारं वजन दुप्पट मोजायचं" हे वाक्य प्रत्येक सायकलवाला म्हणतो, म्हणून मी ते तपासायला बसले. पसरणी घाट घ्या. वाईहून पाचगणीपर्यंत उंची साधारण साडेपाचशे मीटरने वाढते. मी, सायकल आणि पाण्याच्या बाटल्या मिळून 62 किलो. मला हा घाट चढायला पाऊण तास लागतो. चाकं 350 ग्रॅमने हलकी झाली, तर एकूण ओझं अर्ध्या टक्क्याच्या जरा वर कमी होतं. काही ताकद टायर आणि हवा खातात, ती वजा केली की पाऊण तासात वाचतात बारा-तेरा सेकंद. चढावर वेग जवळपास एकसारखा असतो, तेव्हा रिमवरचा ग्रॅम आणि खिशातल्या केळ्यातला ग्रॅम सारखाच मोजला जातो.

दुप्पट मोजायचं ते फक्त वेग वाढवताना. तेही केलं. ताशी 25 वरून 40 पर्यंत झेप घेताना रिमवरचे 300 ग्रॅम कमी असतील, तर सुमारे 23 ज्यूल ऊर्जा वाचते. त्याच झेपेला मला आणि सायकलला मिळून तेवीसशेच्या वर ज्यूल लागतात. म्हणजे एक टक्का. बारा-तेरा सेकंदांवर शर्यत हरता येते, हे मला अनुभवाने माहीत आहे, म्हणून मी त्या टक्क्याला कमी लेखत नाही. पण त्या टक्क्यासाठी दुसरं काही गमावायचं नाही, एवढं तेव्हा ठरलं.

मित्राच्या चाकांवर एक प्रयोगही केला. चाक आडवं धरून रिमच्या समोरासमोरच्या दोन बिंदूंपाशी दोन सारख्या लांबीच्या दोऱ्या बांधायच्या, छताच्या दोन हुकांना टांगायचं, थोडं पिळून सोडायचं आणि वीस आंदोलनांचा वेळ घ्यायचा. त्यावरून वस्तुमान आसापासून किती लांब पसरलंय ते कळतं. बारावीच्या मुलींनी स्टॉपवॉच धरलं होतं. माझं जुनं अॅल्युमिनियमचं चाक आणि मित्राचं खोल कार्बनचं चाक, दोघांच्या आंदोलनकाळात फरक निघाला, पण मला वाटलं होतं त्याहून कमी. कारण सरळ आहे. टायर, आतलं सीलंट (पंक्चर बुजवणारं द्रव) आणि रिमची बाहेरची कड दोन्हीकडे कडेलाच असतात. खोल रिमचं जादाचं कार्बन मात्र आतल्या बाजूला, हबच्या (चाकाच्या मधल्या भागाच्या) दिशेने वाढलेलं असतं. एका मुलीने विचारलं, "मॅडम, मग टायर हलका घेतला तर जास्त फरक पडेल का?" प्रश्न अगदी बरोबर होता. ग्रॅममागे रुपये मोजले तर हलका, चांगला टायर चाकापेक्षा कितीतरी स्वस्तात तेच काम करतो. मी आधी टायर बदलले. चाकं नंतर.

आता वारा.

हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्याविरुद्ध लागणारी ताकद घनाने. ताशी 30 वरून 36 ला गेलात, तर हवेसाठी लागणारी ताकद 1.73 पट होते. सपाटीवर खोल रिमचा फायदा खरा आहे, त्यात वाद नाही. पण कंपन्या आपले आकडे बहुतेक ताशी 45 ला मोजतात. त्या वेगाला एखादं चाक 10 वॅट वाचवत असेल, तर ताशी 30 ला तेच चाक तीन वॅट वाचवेल, कारण दोन तृतीयांशाचा घन तीन दशांशाच्या आसपास येतो. मी एकटी असताना सपाटीवर 30 ते 33 ने जाते. टाइम ट्रायलला 36. माझ्या वाट्याला येणारा फायदा जाहिरातीतल्या आकड्याच्या साधारण अर्ध्याहून जास्त कधीच नव्हता.

आणि तोटा उलट दिशेने वाढतो. मला सगळ्यात उशिरा उमगलेली गोष्ट हीच. समजा, वारा रस्त्याला बरोबर आडवा, ताशी 15. ताशी 45 ने जाणाऱ्याला तो समोरून साधारण 18 अंशांच्या कोनात लागतो. ताशी 30 ने जाणाऱ्याला तोच वारा साडेसव्वीस अंशांत लागतो. जितके तुम्ही सावकाश, तितका वारा जास्त बाजूने. खोल रिमवरून हवा एका मर्यादेपर्यंत पृष्ठभागाला धरून वाहते. कोन त्याच्या पलीकडे गेला की ती सुटते, आणि सुटताना चाकावरचा दाब एकदम बदलतो. चाळकेवाडीला मला जो हिसका बसला तो हाच. सलग, एकसारख्या वाऱ्याला आपण आपोआप कललेले असतो, त्याचा त्रास होत नाही. त्रास होतो तो हा दाब अचानक बदलतो तेव्हा.

त्यात आणखी एक भर. मागचं चाक फ्रेममध्ये घट्ट बसलेलं असतं, बाजूचा दाब ते सीटखाली सहन करतं. पुढचं चाक हँडलला जोडलेलं आहे, त्यावरचा दाब थेट तुमच्या मनगटात येतो. ते सरळ धरून ठेवणारं काय असतं? पुढच्या चाकावर पडणारं वजन आणि हातांची ताकद. माझ्याकडे दोन्ही 75 किलोच्या माणसापेक्षा कमी. नुसत्या रिमची बाजू मोजली तर 60 मिलिमीटर रिमचं क्षेत्रफळ 35 च्या साधारण 1.6 पट भरतं. म्हणजे मी कमी वेगाने, मोठ्या कोनात, कमी वजनाने, दीडपटीहून मोठं शीड पुढे धरून चालले होते. (आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघाने 1 जानेवारी 2026 पासून रस्त्यावरच्या सामूहिक शर्यतींत 65 मिलिमीटरपेक्षा खोल रिमला बंदी घातली आहे. त्याच वेळी हँडल किमान 400 मिलिमीटर रुंद हवं असाही नियम आणला, आणि त्यावर लहान चणीच्या महिला शर्यतपटूंनी आक्षेप घेतला. त्यांचं म्हणणं मला पूर्ण पटतं. अरुंद खांद्याच्या बाईला रुंद हँडल देऊन ती सुरक्षित होत नाही.)

इथून माझी यादी वेगळ्या दिशेने सुरू झाली. आधी पुढच्या चाकाची खोली, मग टायरची रुंदी, मग हब, आणि शेवटी वजन.

मित्राची चाकं कंदी पेढ्यांच्या डब्यासह परत केली. पुढचे दोन महिने जिथे मिळतील तिथून वेगवेगळी चाकं मागून आणून चालवून पाहिली. पन्नासच्या आसपासच्या जोडीला "ऑलराउंड" म्हणायची आता पद्धत आहे, आणि मध्यम वाऱ्यात ती मला जमली. कास रस्त्यावर यवतेश्वरचा घाट उतरताना हात आवळले जात नव्हते. पण चाळकेवाडीला जुलैमध्ये 50 सुद्धा मला नको वाटली. चाळीस आणि त्याखाली मात्र मी ड्रॉप्समध्ये (हँडलच्या खालच्या वळलेल्या भागात) हात ठेवून पठार पार करू शकले.

आता नावं घेते, कारण शेवटी दुकानात नावच घ्यावं लागतं.

शिमानोचं ड्युरा-एस सी-50 मला मनापासून आवडत होतं. 50 मिलिमीटर खोल, आतून 21 रुंद, बाहेरून 28, आणि कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे जोडी 1461 ग्रॅम. हबमध्ये अजूनही कोन (शंकूसारखा भाग) आणि छर्रे असतात. कोन उघडा, छर्रे धुवा, ग्रीस भरा, बसवा. आमच्या काकांचे हात यात तयार आहेत. पण त्याच्या मागच्या हबवर फक्त 12 चकत्यांचा संच बसतो. माझ्या सायकलला 11 आहेत. म्हणजे चाकांबरोबर गिअरची सगळी यंत्रणा बदलायची. हे जाहिरातीत पहिल्या ओळीत नसतं. दुकानात पैसे भरायच्या आधी कुणी विचारेलच असंही नाही. तुमच्याकडे 11 चकत्या असतील तर हा प्रश्न आधी विचारा. शिमानोच्याच अल्टेग्राच्या चाकांवर 11 चालतात, वजन थोडं जास्त आहे. तिथे पुढे 36 आणि मागे 50 मिलिमीटर खोल अशी जोडी जमवता येईल का, हा विचार बरेच दिवस मनात होता.

झिपचं 303 फायरक्रेस्ट खोलीने माझ्यासाठी बरोबर होतं: 40 मिलिमीटर, वजनाने हलकं. पण ते आतून 25 रुंद आहे आणि हुकलेस, म्हणजे रिमच्या कडेला टायर अडकवणारी आकडी नाही. याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण साताऱ्या-पुण्याच्या सायकल मंडळींत यावर खूप भीती आणि तितकाच बेफिकीरपणा, दोन्ही पाहिलेत.

हुकलेस रिममध्ये टायरची कड रिमच्या सरळ भिंतीला टेकून राहते, तिला वरून धरणारं काही नसतं. म्हणून त्याला दोन मर्यादा आहेत. हवा 5 बारच्या, म्हणजे साडेबहात्तर पीएसआयच्या वर भरायची नाही. आणि टायर रिमच्या मानाने पुरेसा रुंद हवा. आतून 25 असलेल्या रिमला आताच्या मानकानुसार किमान 29 चा टायर लागतो. फेब्रुवारी 2024 मध्ये यूएई टूर या शर्यतीत बेल्जियमचा थॉमस डी गेंट पडला, तेव्हा त्याचा टायर रिमवरून निघून लोंबत असल्याची दृश्यं जगभर पाहिली गेली. त्याच्याकडे आतून 25 ची हुकलेस रिम आणि 28 चा टायर होता. दगडावर चाक आपटलं होतं, असं नंतर सांगण्यात आलं. शर्यतपटूंच्या संघटनेचे अध्यक्ष अॅडम हॅन्सन यांनी त्यानंतर हुकलेसविरुद्ध जाहीर भूमिका घेतली.

माझ्यासाठी दाबाची मर्यादा अडचण नव्हतीच. 52 किलोला 28 च्या टायरमध्ये मी पन्नास-पंचावन्नच्या वर कधी जात नाही. अडचण रुंदीची होती. 25 च्या रिमवर नियम पाळून 30 चा टायर घ्यायचा, तो फुगून 31 च्या पुढे जाणार, आणि माझ्या फ्रेममध्ये 30 हीच हद्द. पावसाळ्यात बोरणे घाटात टायरला लाल चिखल आणि बारीक खडी चिकटते. फ्रेम आणि टायरमध्ये दोन मिलिमीटर उरले, तर तो खडा कार्बन खरवडत राहतो. माझ्या मैत्रिणीच्या सायकलीची चेनस्टे (मागच्या चाकाशेजारची फ्रेमची नळी) अशीच आतून कापली गेली आहे. एन्व्हेच्या एसईएस 4.5 ला तीच अडचण: आतून 25, वर पुढे 50 आणि मागे 56 खोल. किंमतही माझ्या हाताबाहेर. रोव्हालच्या रॅपिड सीएलएक्स 2 ला आकडी आहे आणि रुंदी 21, पण पुढे 51, मागे 60. ताशी 40 ने जाणाऱ्यासाठी ती उत्तम असतील. मी पुढे 51 लावून जुलैमध्ये ठोसेघरला जाणार नाही.

रुंदीबद्दल एक ठोकताळा सांगितला जातो. झिपमध्ये काम केलेल्या जोश पोर्टनर यांच्या नावाने तो ओळखतात. रिमची बाहेरची रुंदी फुगलेल्या टायरच्या किमान 105 टक्के असावी, म्हणजे हवा टायरवरून सरकून रिमवर नीट येते. मी तो पाळायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. आमच्या रस्त्यावर 25 चा टायर लावून ठोकताळा पाळण्यापेक्षा 28 चा लावून तो थोडा मोडणं मला शहाणपणाचं वाटतं. ऊस हंगामात ट्रॉल्यांतून पडलेल्या कांड्या, रंबलर, साइडपट्टीची खडी. अरुंद टायरमध्ये हवा जास्त भरावी लागते, आणि हवा जास्त असली की प्रत्येक खड्ड्याला अख्खी सायकल उचलली जाते आणि ती ऊर्जा तुमच्याच पायांतून गेलेली असते. हा तोटा वाऱ्याच्या बोगद्यात मोजला जात नाही.

शेवटी घेतली ती डीटी स्विसची ईआरसी 1400. रिम आतून 22 रुंद, आकडी असलेली, ट्यूबलेस. ती 35 आणि 45 अशा दोन खोल्यांत मिळते आणि पुढचं-मागचं चाक सुटं घेता येतं. मी पुढे 35 आणि मागे 45 घेतलं. मागच्या चाकावर खोलीचा फायदा घ्यायचा, कारण तिथे ती हातात येत नाही. पुढे जेवढं मला चाळकेवाडीत धरता येतं तेवढंच.

दुकानदाराला हे पटलं नाही. "मॅडम, पुढचं-मागचं वेगळं? दिसायला बरं नाही दिसणार. आणि विकताना गिऱ्हाईक मिळणार नाही." त्याचं दुसरं म्हणणं खरं असेल. मी विकायला घेत नव्हते.

हबबद्दल काकांशी आधी बोलून घेतलं होतं. त्यांनी पन्नास वर्षं साताऱ्यात सायकली दुरुस्त केल्यात, पावसात भिजलेल्या शाळेच्या सायकलींपासून लाखाच्या सायकलींपर्यंत. त्यांचे प्रश्न तीन होते. स्पोक तुटला तर मिळेल का? आउट काढायला, म्हणजे चाक परत सरळ करायला, टायर उतरवावा लागेल का? आणि बेअरिंगपर्यंत हात पोचेल का? तिसऱ्याला या हबचं उत्तर फार चांगलं आहे. बाजूची टोपी हाताने ओढली की निघते, मागचा फ्रीहब (गिअरच्या चकत्या बसतात तो भाग) हातात येतो, आत दातेरी चकती असते. पुसायची, त्यांचंच ग्रीस लावायचं, परत दाबायची. पाच मिनिटं. घाटमाथ्यावरच्या पावसात दर पंधरवड्याला हे करावं लागतं, तेव्हा याची किंमत कळते. स्पोकच्या बाबतीत मी प्रत्येक लांबीचे दोन जादा मागवून घरी ठेवले. तुम्हीही ठेवा. तुटलेल्या एका तारेपायी पावणेदोन लाखांची जोडी तीन आठवडे भिंतीला टेकून उभी राहिलेली मी पाहिली आहे.

डिस्क ब्रेकमुळे एक जुनी काळजी गेली, तेही इथे नोंदवते. पूर्वी कार्बनच्या रिमवरच ब्रेक घासायचा आणि लांब उतारावर रिम तापून बिघडण्याची भीती असायची. पसरणी उतरताना मी तेव्हा कार्बनचा विचारही केला नसता. आता उष्णता डिस्कमध्ये जाते. मात्र चाक बदललं की डिस्क ब्रेकच्या पॅडला किंचित घासू लागते, कारण दोन हबमध्ये केसाएवढा फरक असतो. काकांनी ब्रेकचा कॅलिपर सैल करून, ब्रेक दाबून धरून परत आवळला. एवढंच.

टायर बसवायला मात्र दोन संध्याकाळ गेल्या. पहिल्या संध्याकाळी मागची कड रिमच्या मधल्या खोलगट भागात उतरेना. काका म्हणाले, "घाई करू नका ताई, व्हॉल्व्हच्या समोरून सुरू करा आणि व्हॉल्व्हपाशी संपवा." दुसऱ्या दिवशी साबणाच्या पाण्याने सरकवून, कड हाताने मधे ढकलत ढकलत बसली. टायर काँटिनेंटल जीपी 5000 एस टीआर, दोन्हीकडे 28. सीलंट घातलं. प्रयोगशाळेतलं व्हर्नियर घरी आणलं होतं. दोन दिवसांनी टायर ताणून स्थिरावल्यावर रुंदी 29.3 भरली. फ्रेममध्ये जागा उरली.

जुन्या जोडीपेक्षा चाकं साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास हलकी आहेत. वाई ते पाचगणी मी आतापर्यंत सहा वेळा केलं. कधी वेळ वीस सेकंदांनी सुधारला, कधी दहा सेकंदांनी बिघडला. वारा, झोप, आदल्या दिवशीचं जेवण, सगळं त्यात मिसळतं. माझे बारा सेकंद त्यात कुठेतरी आहेत, ते वेगळे काढून दाखवता येत नाहीत. सपाटीवर, महामार्गाच्या सेवारस्त्यावर, मागून वारा असताना 35 च्या पुढे गेलं की मागच्या चाकाचा आवाज बदलतो आणि वेग टिकवणं सोपं जातं. ते मला स्पष्ट जाणवतं. आणि यवतेश्वरच्या उतारावर 28 च्या टायरमध्ये पुढे 50, मागे 54 पीएसआय हवा असताना वळणावर सायकल रस्त्याला धरून राहते. पाऊस असेल तर मी दोन्हीकडे चार-पाचने कमी करते.

मागच्या रविवारी पहाटे चाळकेवाडीला गेले होते. पाऊस नव्हता, वारा होता. गवत एका बाजूला झोपलेलं, पवनचक्क्या सगळ्या एका दिशेला तोंड करून फिरत होत्या. त्याच मोकळ्या पट्ट्यात झोत आला. सायकल कलली, मी कलले, पुढचं चाक जिथे बघत होतं तिथेच बघत राहिलं. समोरून एसटी आली तेव्हा मी हात ड्रॉप्समध्येच ठेवले. मागच्या चाकाला मात्र झोत लागलेला कमरेत कळला, आणि त्या टोकाला पोचेपर्यंत मी हाच विचार करत होते की जूनमध्ये मागे 45 पुरे की तिथेही 35 च लावून बघावं. मैत्रिणीकडे एक आहे. मागून आणते.